उखर्डू आबांची गरीब कुहिरी

परवा आमच्या शाळेच्या व्हरांड्यात शेतीखात्याची सभा झाली. पडदा लावला, प्रोजेक्टर लावला आणि एका तरुण साहेबांनी एका वेलीचं चित्र दाखवलं. तीन-तीन पानं, जांभळ्या फुलांचे लोंबते घोस, मखमली शेंगा. साहेब म्हणाले, ही वेल फळबागेत झाडांच्या मधल्या जागेत लावा. जमीन झाकून टाकते, दुसरं तण उगवू देत नाही, ओल धरून ठेवते, कुजली की खत होते. फक्त झाडांवर चढू देऊ नका, नाहीतर झाड शोधावं लागेल. मागच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "साहेब, ही ते खाजकुहिरी शे!" सगळी सभा हसली. दोघं-तिघं तर नुसत्या नावानेच मान खाजवायला लागले.

साहेब म्हणाले, ही बिनखाजेची जात आहे, पण बी बाहेरून मागवावं लागेल. इथे माझं डोकं फिरलं. मास्तरकी करणाऱ्या बाईला गप्प बसायची सवय नसते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "बाहेरून कशाला? इथून दोन फर्लांगांवर ही वेल पन्नास वर्षं नांदली. माझ्या परसात आजही आहे." साहेबांनी आदराने विचारलं, "कोणत्या विद्यापीठाचं वाण, मॅडम?" मी म्हटलं, "उखर्डू आबांचं." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे काय लिहायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी वही मिटली.

त्यांचा दोष नाही. आबांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि आबांबद्दल कुणी कुठे काही लिहिलेलं नाही. म्हणून मीच लिहायला बसले आहे.

खाजकुहिरी कशी असते हे ज्यांच्या अंगाला लागली त्यांना सांगायला नको. बांधावर, नाल्याकाठी, कुंपणावर आपोआप उगवते. पावसाळ्यात इतकी निष्पाप दिसते की शेळीसुद्धा फसते. थंडीत शेंगा वाळल्या की त्यांच्यावरची तांबूस लव वाऱ्याने उडते, आणि ती जिथे बसेल तिथे माणूस आपलं कातडं सोलून काढायला तयार होतो. पाणी लावलं की आणखी पसरते. ओलं शेण थापायचं, वाळू द्यायचं आणि खरवडून काढायचं, हा एकच उपाय. आमच्या लहानपणी मास्तरांच्या खुर्चीवर ती टाकणारी पोरं वर्गात असायची. आज मी स्वतः त्या खुर्चीवर बसते, म्हणून नावं लिहीत नाही.

या कुहिरीला एक बहीण आहे. तीच पानं, तीच फुलं, तसाच पसारा, पण शेंगेवरची लव पांढुरकी, रेशमासारखी, आणि तिला खाज नाही. गरीब गाय म्हणतो ना आपण, न मारणारी, तशी ही गरीब कुहिरी. हे नाव आबांनीच ठेवलेलं. दुसरीला ते खाजरी म्हणत.

आबांचं स्वतःचं नाव कसं पडलं तेही सांगून टाकते. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. चौथा हा झाला, तेव्हा आईने त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीने उचललं आणि सूपभर कोंड्याच्या बदल्यात आईला परत विकलं. टाकून दिलेल्या पोराकडे मृत्यू बघत नाही, असा त्यामागे हिशेब. पोर जगलं आणि उखर्डू झालं. पुढे बायको मिळाली तिचं नाव भिकुबाई, म्हणजे तीही देवाकडून भीक मागून वाचवलेली. आबा म्हणायचे, आमच्या लग्नात एक उकिरड्याचा आणि एक भिकेची, वऱ्हाडाला नावं ठेवायला जागाच राहिली नाही.

तरुणपणी आबा साक्रीकडच्या डोंगरात लाकूडतोडीच्या कामाला गेले होते. तिथे एका म्हाताऱ्या बाईच्या झोपडीमागे त्यांनी ही वेल पाहिली आणि लांब उडी मारली. म्हातारी हसून हसून बेजार झाली. तिने शेंग तोडली, स्वतःच्या गालावर घासली आणि मग मूठभर बी आबांच्या टोपीत टाकलं. एवढंच सांगितलं की हिच्या जवळ खाजरीला फुलू देऊ नको, नाहीतर ही बिघडेल. आबांनी ते ऐकलं आणि पुढची पन्नास वर्षं पाळलं. माणसं देवाच्या शपथासुद्धा इतकी पाळत नाहीत.

आबांची लिंबाची बाग पारोळ्याच्या वेशीबाहेर, नाल्याला लागून होती. लिंबाच्या नऊ ओळी आणि त्यांच्या मधे सगळीकडे कुहिरी. बाकीच्यांच्या बागा चैत्रात भेगाळायच्या, आबांच्या बागेत पाय ठेवला की गार लागायचं. पण ती वेल म्हणजे ओसरी दिली की पाय पसरणारी. रोज सकाळी आबा आकडीची काठी घेऊन लिंबावर चढलेले शेंडे खाली ओढत फिरायचे आणि तिच्याशी भांडायचे. प्रत्येक ओळीचं बी वेगळ्या गाडग्यात ठेवायचं आणि पुढच्या मृगात त्याच ओळीत टाकायचं, असा त्यांचा नेम. नऊ ओळींची नऊ खानदानं होती, आणि कुठल्या घराण्याची सून उंडारते हे त्यांना पाठ होतं.

नाल्याच्या अलीकडे आमचं कब्रस्तान. तिथूनच आबा आमच्या घरात आले.

माझे अब्बा हारुनभाई यांचं पारोळ्याच्या पेठेत सुतळी-बारदानाचं दुकान होतं आणि कब्रस्तानाच्या देखरेखीचं काम त्यांच्याकडे होतं. मी सात-आठ वर्षांची असेन. दुकानात पोत्यांच्या थप्पीवर बसले होते. धोतर, पांढरी टोपी, डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केलेली, असा एक माणूस आला आणि उभ्यानेच म्हणाला, "हारुनभाऊ, तुमना कब्रस्ताननी कूपवर खाजरी चढेल शे. मी काढी लेऊ का?"

अब्बा चक्रावले. दुसऱ्याच्या कुंपणावरचं तण काढायची परवानगी मागणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. म्हणाले, "काढा ना भाऊ. पण तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तिना फूलवरनी माशी उडीसन मन्ही वाडीमा येस," आबा म्हणाले.

अब्बांना गंमत वाटली. त्यांनी चार फाटकी पोती उचलली, दुकान शेजाऱ्यावर सोपवलं आणि आबांबरोबर गेले. तेव्हापासून दर भादव्यात, शुक्रवारची नमाज झाली की दोघं कुंपण, नाला, बांध असं सगळं रान पालथं घालायचे. फुलं यायच्या आत खाजरीची एक-एक वेल मुळासकट. अब्बा पोती धरायचे, आबा उपटायचे. गावाने दोघांना हसून घेतलं. लोकांच्या बांधावरचं गवत काढणाऱ्याला आपल्याकडे एक तर खुळा म्हणतात नाहीतर पुढारी. निवडणुका आल्या की लोक खरंच विचारायचे, कोणत्या चिन्हावर उभे राहताय म्हणून.

भिकुबाई कपाळाला हात लावायच्या. "बठ्ठा गावनी खाज हाऊ एकला माणूस ली बसना," सगळ्या गावाची खाज या एकट्याने घेतली, असं त्या माझ्या अम्मीला सांगायच्या आणि तेवढ्यात फडक्यात बांधून द्यायच्या भाकरी मोजून घ्यायच्या, अब्बांच्या धरून.

पण खरी मजा पौषात. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात शेंगा उतरवायच्या असत. गावातल्या पंधरा-वीस बाया यायच्या. तोडलेल्या बियांचा चौथा हिस्सा आणि ओटीभर लिंबं हे त्यांचं ठरलेलं. काहीजणी ते बी आपल्या शेतात टाकत आणि फुलायच्या आत खतासाठी गाडत, काहीजणी औषधवाल्याला देत. त्या बांधावर ओळीने उभ्या राहायच्या, पण आत कुणी पाऊल टाकायची नाही. बिघडलेल्या वेलीची लवही पांढुरकीच असते, बघून ओळखता येत नाही, म्हणून आधी आबा एकटे उतरायचे. प्रत्येक ओळीतून चार-पाच वेलींच्या शेंगा तोडायच्या आणि डाव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी सगळ्यात मऊ, तिथे घासायच्या. मग खाली बसून एक विडी ओढायची. विडी संपेपर्यंत हात नुसता धरून ठेवायचा. त्या वेळात एवढ्या बायांपैकी एक बोलत नसे, आणि ज्यांनी बाया पाहिल्यात त्यांना यावरून काय ते कळेल.

विडी विझली की आबा म्हणायचे, "उतरा वं बठ्ठ्या." झालं. बाह्या वर, पदर खोचलेले, उघड्या हातांनी बाया वेलीत घुसायच्या. गाणी, टोमणे, एकमेकींच्या सासवांचा उद्धार. झुंबरबाई सगळ्यात पुढे. ती तेव्हा नवी नवरी होती, आवाज असा की नाल्यापलीकडची गुरं वळून बघत. आम्ही पोरं खालच्या चकचकीत बिया वेचून गोट्या खेळायचो. दुपारी तीळगुळाची चिक्की, भाकरी, ठेचा. लिंबाच्या पानांचा वास हातांना दोन दिवस राहायचा. मला आजही कुणी सुख म्हणजे काय विचारलं तर मी तो बांध सांगेन. पुढे इतकी वर्षं शिकले, शिकवलं, नवऱ्याबरोबर अजमेर-आग्रा पाहिलं, पण तसं मोकळं पुन्हा कुठे वाटलं नाही.

एकदा मी हट्ट केला की या वर्षी शेंग माझ्या हातावर घासा. आबा रागावले. मी त्यांना रागावलेलं तेवढंच पाहिलं. म्हणाले, "ज्यानं बी त्यानाच हात." त्यांच्या लेखी परीक्षा ती. आपण पेरलं, तर चूक निघाली तरी पहिली आपल्या अंगावर निघाली पाहिजे. योगराज, त्यांचा मुलगा, तोही कधी पुढे झाला नाही आणि त्यांनी होऊ दिलाही नाही.

अब्बा गेले त्याला आता सात-आठ वर्षं होतील. मयत कब्रस्तानात नेली तेव्हा आबा नाल्याच्या पलीकडून चालत होते, टोपी हातात घेऊन. चाळिसाव्यानंतर घरी आले आणि मला म्हणाले, "पोरी, आते कब्रस्तानकडनी कूप तुन्ही." आमच्यात बायका कब्रस्तानाच्या आत जात नाहीत, पण बाहेरचं कुंपण रस्त्याला लागून, तेव्हा मला जायला काही अडचण नव्हती. मी हो म्हटलं. पहिली दोन वर्षं गेलेही. पोतं घेऊन, हातात मोजे घालून, शाळेतल्या पोरांनी बघू नये म्हणून पहाटे.

तिसऱ्या वर्षी भादव्यात आबांना लकवा मारला. डावी बाजू गेली. धुळ्याला दवाखान्यात महिनाभर होते. बोलणं नीट राहिलं, पायही हळूहळू आला, डावा हात मात्र जड राहिला. त्या महिन्यात योगराज शाळेत आला होता. म्हणाला, "ताई, बा म्हणस, कूप देखी ल्या. नाल्याकडे मी जास." मी म्हटलं, रविवारी जाते. त्या रविवारी शाळेची तपासणी तोंडावर आली म्हणून सगळ्या वह्या घरी आणलेल्या. पुढच्या रविवारी मुलीला बघायला पाहुणे. त्याच्या पुढच्या रविवारी गेले तर कुंपणभर जांभळी फुलं लोंबत होती आणि माश्या घोंघावत होत्या. मी ते सगळं उपटलं, पोत्यात भरलं, जाळलं. आणि कुणाला काही सांगितलं नाही. आबांनी दवाखान्यातून आल्यावर विचारलं, "कूप व्हयनी का?" मी म्हटलं, "व्हयनी, आबा." ती खोटी गोष्ट नव्हती, पण खरीही नव्हती. योगराजने नाल्याकडे किती पाहिलं हे तोच जाणे.

त्या पौषात काही झालं नाही. आबा काठी टेकत आले, शेंगा घासल्या, विडी ओढली, उतरा म्हणाले, बाया उतरल्या आणि लिंबं घेऊन घरी गेल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मास्तरीण असून मला एवढं कळलं नाही की बिघाड त्या वर्षीच्या शेंगेत नसतोच. माशीने आणलेलं विष बियांच्या आत गेलेलं असतं. ते बी पेरलं, त्याची वेल झाली, तिला शेंगा लागल्या की मग ते बाहेर येतं. म्हणजे पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी पौषात रविवारी मी गेले तेव्हा ऊन नुकतंच बागेवर आलं होतं. आबा आत उतरले. डोळ्यांत मोतीबिंदू, पाय ओढत, पण डावी बाही तशीच वर केलेली. एक-एक ओळ करत नऊ ओळींच्या शेंगा घासल्या. बसले. विडी पेटवायला उजवा हात, धरायला उजवा हात, डावा मांडीवर ठेवलेला. विडी संपली. आबा म्हणाले, "उतरा वं बठ्ठ्या."

झुंबरबाई नेहमीप्रमाणे पुढे. आता ती साठीला टेकलेली, पण चाल तीच. पहिल्या ओळीत शिरली, दोन्ही हातांनी वेल कवेत घेतली आणि शेंगा ओरबाडायला लागली. तिच्यामागून तिघी-चौघी. मी बांधावरच चपला काढत होते. पाच मिनिटं गेली असतील. झुंबरबाईचं गाणं मधेच तुटलं.

"खाजरी शे! निंघा वं, निंघा!"

मग जो गोंधळ झाला तो मला आठवायचा नाही आणि विसरताही येत नाही. बाया मान, हात, छाती ओरबाडत बाहेर पळाल्या. एकीने पाटाच्या पाण्यात हात घातला आणि आणखी ओरडली. भिकुबाई गोठ्यातून घमेलंभर शेण घेऊन धावत आल्या आणि दिसेल तिच्या अंगाला थापायला लागल्या. झुंबरबाईच्या गळ्यापासून मनगटापर्यंत लाल चट्टे उठले होते. ती रडत होती आणि शिव्या देत होती, दोन्ही एकदम.

आबा मधे उभे राहून एकच म्हणत होते, "व्हईच कशी? मी सोता घसी देखेल शे! देखा मन्हा हात!"

आम्ही पाहिला. कोपरापासून दंडापर्यंत हात सुजून लालभडक झाला होता, फोड आले होते. आणि आबा तो हात सगळ्यांना दाखवत होते, काही झालं नाही म्हणून.

भिकुबाई थांबल्या. त्यांनी लिंबाचा एक काटा मोडला आणि आबांचं लक्ष दुसरीकडे असताना त्या हातात टोचला. रक्ताचा थेंब आला. आबा बोलतच होते. भिकुबाईंनी तो काटा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मग आबा बाही खाली ओढत मला म्हणाले, माझ्याकडेच का बघून ते ठाऊक नाही, "हात जड शे, हाई माले माहीत व्हतं. माले वाटनं, खाज तरी कयी." खाज तरी कळेल, एवढ्या भरवशावर त्यांनी बायांना आत सोडलं होतं.

मी तिथेच सगळं सांगून टाकलं. कुंपण, तपासणी, पाहुणे, फुलं. आबांनी ऐकलं आणि नुसती मान हलवली. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

योगराज मात्र चिडला, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सुजलेल्या बाया त्यालाच घरोघर पोचवाव्या लागल्या होत्या. तो म्हणाला, "बा, आते बस. येता आयतवारले फवारा मारसूत आन् मोकया व्हसूत." तणनाशकाचे डबे त्याने दुसऱ्याच दिवशी आणून ओट्यावर ठेवले. लिंबाखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, आजकाल सगळे अंथरतात. वाळलेल्या शेंगा आठ-पंधरा दिवसांत तडकल्या असत्या आणि खाजरी-गरीब सगळं बी बागभर उडालं असतं, तेव्हा थांबायला वेळही नव्हता. गेल्या वर्षीचं बी तर पेरून संपलेलं. म्हणजे त्या नऊ ओळींत जे चांगलं उरलं असेल तेवढंच जगात होतं. माशीने त्यातही थोडं बिघडवलं असणार, पण ते पुढे वेचून काढता आलं असतं. ते कुठल्या ओळीत आहे हे सांगणारा हात मेला होता.

आबा आठवडाभर खाटेवरून उठले नाहीत. भिकुबाई सांगत होत्या की खाण्यावर वासना नाही. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा म्हटलं, आबा, मी घासते माझ्या हातावर, चूक माझी आहे. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. गावात झुंबरबाई प्रत्येक ओट्यावर बसून सांगत होती की म्हाताऱ्याने आम्हाला जिवंत सोललं. खोटं नव्हतंच ते.

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा योगराज पंपात पाणी भरत होता. आबांना त्याने खाटेसकट अंगणात आणून ठेवलं होतं, ऊन लागावं म्हणून. तिथून बाग समोर दिसत होती. आबा बागेकडे बघत नव्हते.

झुंबरबाई फाटकातून आत आली. मला वाटलं, आता भांडण. तिच्या गळ्यावरची सूज उतरली होती, पण नखांचे ओरखडे काळे पडून तसेच होते. ती सरळ खाटेपाशी गेली.

"आबा, उठा," ती म्हणाली. "नऊ ओयी शेतस ना? एक मी देखी. आठ बाकी."

आबांनी डोळे उघडले. 

"तुमले खाज कयत नही. माले कयस." तिने लुगड्याचा पदर खोचला आणि डावा हात पुढे केला. "चाला, घसा."

"नही व माय," आबा म्हणाले. आठवड्यात पहिल्यांदा आवाज निघाला असावा, घोगरा. "तुले एक डाव भोगनं पडनं. आखो नही. ज्यानं बी त्यानाच हात."

"तुमना हात मरेल शे, मन्हा नही. एक डाव फुकट भोगं. आते भोगसू ते कामले तरी ई."

मी पुढे झाले. म्हटलं, झुंबरअक्का, मी घासून घेते, तुम्ही राहू द्या. तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुन्हा हात खडूना शे, बाई. तुले डास चावना तरी गांधी उठतस. तू कसानी खाज कशी वयखशी?" माझ्या कातडीला कुठलीही खाज सारखीच, असं म्हणून माझ्यावर हसायची संधी तिने त्या दिवशीही सोडली नाही.

योगराज पंप तसाच ठेवून उभा राहिला होता. त्याने आबांना काखेत हात घालून उठवलं आणि बांधापर्यंत आणलं.

दुसऱ्या ओळीत मी शिरले, मोजे घालून, आणि चार-पाच वेलींच्या शेंगा आणून आबांच्या उजव्या हातात दिल्या. आबांनी शेंग तिच्या हाताजवळ नेली आणि मागे घेतली. झुंबरबाईने त्यांचं मनगट धरलं आणि तेच घासून घेतलं. मग दोघं समोरासमोर बसून राहिली. विडी नव्हती. भिकुबाई बाजूला शेणाचं घमेलं घेऊन उभ्या होत्या. झुंबरबाई आबांच्या तोंडाकडे बघत होती आणि एकाएकी तिने दातांवर दात दाबले.

"हाई बी खाजरी. काढ रे योगराज."

योगराजने अख्खी ओळ मुळासकट ओढून काढली. तिसरी ओळ खाजरी. त्या वेळी तिने आबांच्या सात पिढ्या काढल्या, आणि आबा प्रत्येक शिवीला मान डोलवत होते. चौथ्या ओळीला मात्र आम्ही वाट बघत राहिलो, बघत राहिलो, आणि ती म्हणाली, "गरीब शे." आबांनी तिला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "शे म्हंतस ना!" पाचवी खाजरी निघाली. तोवर कोपरापासून बोटांपर्यंत तिच्या हातावर मोकळी जागा उरली नव्हती. शेण थापून वाळलेलं, त्याच्या कडांनी लाल चट्टे. बांधावर कधी तरी बाकीच्या बायाही येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणी बोलावलं नव्हतं.

आबांनी शेंगा खाली ठेवल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. मीही रडत होते. आबा म्हणाले, "बस व्हयनं, झुंबर. आते या हातले नवी खाज कोन अन् जुनी कोन, तुले बी कयाव नही. एक ओय सापडनी, बठ्ठं सापडनं."

"अजून चार ओयी शेतस," झुंबरबाई म्हणाली. तिने डावा हात भिकुबाईंच्या घमेल्यात बुडवला, बसल्या जागी थोडी वळली, बांगड्या मागे सारल्या आणि उजवा हात आबांच्या मांडीवर ठेवला.

"आते हाऊ ल्या."